संग्राहकाची दुसरी प्रत : घरगुती संगणकाच्या डिस्कची प्रतिमा घेणाऱ्या साधनांची परीक्षा

१. प्रयोजन

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या बहुतेक मंडळींच्या घरीं आतां संगणक आला आहे. रुमाल सोडून पानें चाळण्याऐवजीं त्यांचीं छायाचित्रें पडद्यावर मोठीं करून वाचण्याची सवय आम्हां म्हाताऱ्यांनाहि लागली. मूळ पोथीस हात कमी लागतो हा यांतील लाभ खराच. परंतु छायाचित्रें ज्या डिस्कवर ठेविलीं ती डिस्क पोथीइतकी टिकत नाहीं, हा विचार फार थोड्यांच्या मनांत येतो. तीनशें वर्षांचा कागद आपण आजहि वाचतों. दहा वर्षें चाललेली डिस्क मात्र सुदैवी समजावी. सबब डिस्कची नक्कल करून ठेवणारें सॉफ्टवेअर कसें पारखावें, याविषयीं प्रस्तुत लेखकास नुकसान सोसून जें कळलें तें येथें संग्राहकांच्या उपयोगासाठीं मांडीत आहें.

तें नुकसान असें. कांहीं वर्षांपूर्वीं धामणगांव रेल्वेजवळच्या एका खेड्यांत एका गृहस्थांच्या घरीं बाडाच्या आकाराची एक महानुभावीय पोथी पाहावयास मिळाली. पोथी घराबाहेर न्यावयाची नाहीं अशी अट होती. म्हणून दोन दिवस तेथेंच ओसरीवर बसून मीं तिच्या २०६ पानांचीं, दोन्ही बाजू धरून, ४१२ छायाचित्रें घेतलीं. पुढें एका पावसाळ्यांत त्या घराची मातीची भिंत खचली व कोनाड्यांतील पोथीचा लगदा झाला. गृहस्थ माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्यापाशी त फोटू असनच ना?" माझ्या संगणकाची डिस्क आठच दिवसांपूर्वीं बंद पडली होती, तरी मीं त्यांना निर्धास्तपणें "आहेत" म्हणून सांगितलें. कारण बाहेरच्या डिस्कवर बॅकअप होता. दर रविवारीं तें सॉफ्टवेअर 'काम पूर्ण झालें' अशी हिरवी खूण दाखवीत असे आणि मी ती पाहून संतुष्ट होत असें. नवी डिस्क बसवून तो बॅकअप उघडूं लागलों, तेव्हां 'फाइल सदोष आहे' एवढाच संदेश आला. सर्व संग्रह त्या साधनानें एकाच प्रचंड फाइलींत गुंफून ठेविला होता. तिचा एक तुकडा बिघडला आणि सबंध फाइल उघडेना. ४१२ पैकीं ३८ छायाचित्रें उरलीं, तींहि माझ्या दक्षतेमुळें नव्हे. शेवटचीं पानें व प्रशस्ति वाचून पाहाण्यासाठीं तीं मीं नागपुरास एका स्नेह्याकडे पाठविलीं होतीं, म्हणून.

या प्रसंगावरून निघणारा सिद्धान्त आरंभींच सांगतों. साधन प्रत किती सुलभपणें घेतें यावर त्याची योग्यता ठरवूं नये. घेतलेली प्रत परत मिळते कीं नाहीं, आणि तें साधन उद्यां नाहींसें झालें तरी मिळेल कीं नाहीं, यावर ठरवावी. परत करून न पाहिलेल्या प्रतीस प्रत म्हणूं नये.

२. ऋद्धिपूरचा दाखला

हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला असें नाहीं. आमच्याच अमरावती जिल्ह्यांत मोर्शी तालुक्यांत ऋद्धिपूर आहे. तेथें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं नागदेवाचार्यांच्या साह्यानें श्रीचक्रधरांच्या लीळा शोधून, पारखून 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. चौदाव्या शतकाच्या आरंभीं देवगिरीच्या राज्यावर ज्या स्वाऱ्या झाल्या त्यांच्या धामधुमींत मूळ प्रत नष्ट झाली, अशी पंथाची परंपरा आहे. ग्रंथ पुढें उभा राहिला तो स्मरणाच्या बळावर. हिराइसेस तो मुखोद्गत होता. परशरामबासादिकांनींहि पाठ सिद्ध केले. म्हणूनच आज लीळाचरित्राचा एकच पाठ नसून हिराइसापाठ, पिढीपाठ अशा नांवांनीं अनेक पाठ चालतात, व संपादकांस त्यांची तुलना करीत बसावें लागतें.

यांत आमच्या विषयाचे तीन धडे आहेत. पहिला असा कीं, कागद गेला तरी ग्रंथ राहिला, कारण त्याची दुसरी प्रत निराळ्या माध्यमांत होती. दोन्ही प्रती एकाच बासनांत असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. दुसरा असा कीं, मुळाशीं ताडून पाहाण्यास मूळच उरलें नाहीं म्हणजे परत आलेल्या पाठाची खातरी देतां येत नाहीं. तिसरा धडा सकळ लिपीचा. पंथाचे ग्रंथ पुढें सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊं लागले. पंथीयांपाशीं किल्ली होती म्हणून त्यांचें अडलें नाहीं. परंतु बाहेरच्या अभ्यासकास त्या पोथ्या हातांत असूनहि शेंकडों वर्षें मुक्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं वि. का. राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला, आणि त्यानंतरच हें वाङ्मय सर्वांपुढें आलें. ज्या प्रतीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं आहे ती प्रत अर्धीच आपली, हें ध्यानांत ठेवून पुढील विवेचन वाचावें.

३. प्रतीचे दोन प्रकार

संगणकावरील सामग्रीची नक्कल दोन प्रकारांनीं होते, आणि यांतील भेद न जाणल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. पहिला प्रकार फाइलींची प्रत. छायाचित्रांचे फोल्डर जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरविले कीं ही प्रत झाली. पोथीतील मजकूर उतरून घेण्यासारखेंच हें आहे.

दुसरा प्रकार सबंध डिस्कची प्रतिमा, जिला डिस्क इमेज म्हणतात. यांत केवळ मजकूर येत नाहीं. पोथीच्या फळ्या, दोरी, पानांचा क्रम, समासांतील टीपा, या सर्वांसह हुबेहूब ठसा घ्यावा तसें होतें. डिस्कचे विभाग, संगणक सुरू करणारा आरंभींचा भाग, विंडोजसारखी मूलप्रणाली, बसविलेलीं सॉफ्टवेअरें, त्यांच्या योजना व सर्व फाइली एका प्रतिमेंत सांठविल्या जातात. चांगलीं साधनें डिस्कचा वापरलेला भागच उचलतात, त्यामुळें प्रतिमा लहान होते. हव्या असल्यास कोऱ्या जागेसकट प्रत्येक खंडाची नक्कलहि तीं करतात. डिस्क मेली असतां नव्या डिस्कवर ही प्रतिमा उतरविली म्हणजे संगणक पूर्वीं होता तसा, टंक, शब्दकोश व सूचींसह, एका दुपारांत उभा राहतो.

प्रतिमा घेण्याचेहि प्रकार आहेत. प्रत्येक वेळीं सबंध प्रतिमा घेतली तर जागा फार लागते. म्हणून एक पूर्ण प्रतिमा घेऊन पुढें केवळ बदललेला भाग पुरवणीसारखा जोडीत जाण्याची सोय असते. पुरवण्या दोन रीतींनीं जोडतात. प्रत्येक पुरवणी मूळ प्रतिमेवरच बेतलेली असेल तर मूळ व शेवटची पुरवणी एवढ्यांनीं काम भागतें. परंतु प्रत्येक पुरवणी तिच्या आधींच्या पुरवणीवर बेतलेली असेल तर ती सांखळी होय. मधली एक कडी तुटली कीं तिच्यापुढील सर्व व्यर्थ. घरच्या उपयोगास सांखळी फार लांबवूं नये, दर दोन-तीन महिन्यांनीं नवी पूर्ण प्रतिमा घ्यावी.

संग्राहकानें कोणता प्रकार घ्यावा? दोन्ही घ्यावे, पण भूमिका निराळ्या ठेवाव्या. छायाचित्रांच्या रक्षणासाठीं मुख्य आधार फाइलींच्या साध्या प्रतीचा असावा. प्रतिमा संगणक पुन्हां उभा करण्यासाठीं असावी. माझी चूक हीच झाली कीं मीं संग्रहाचा सर्व भार एका प्रतिमेवर टाकला. तसेंच, इंटरनेटवरील सांठ्याशीं फोल्डर सतत जुळवून ठेवणें म्हणजे बॅकअप असा एक समज आहे. येथें चुकून पुसलेली फाइल तेथेंहि पुसली जाते. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय चालू असेल, तरच आणि तिची मुदत असेल तोंवरच, ती परत मिळते.

४. साधनाच्या पांच परीक्षा

पहिली परीक्षा पुनःस्थापनेची. संगणक सुरूच होत नसतां उपयोगी पडावें यासाठीं त्या साधनानें स्वतंत्र पेन ड्राइव्ह बनवून दिला पाहिजे, आणि त्यावरून संगणक सुरू होऊन बाहेरच्या डिस्कवरील प्रतिमा त्यास दिसली पाहिजे. हें संकटाच्या दिवशीं नव्हे, साधन घेतल्याच्या दिवशींच करून पाहावें. अमेरिकेंतील पिक्सार या प्रख्यात संस्थेचाहि १९९८ सालीं असाच घात झाला. 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या एका आज्ञेनें पुसल्या गेल्या, आणि बॅकअप कांहीं काळापासून नीट होत नव्हता हें तेव्हां उघडकीस आलें. घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या संगणकावरील प्रतीमुळें तो चित्रपट वांचला. माझ्या ३८ छायाचित्रांची गोष्ट याहून निराळी नाहीं.

दुसरी परीक्षा पडताळ्याची. वेदपाठकांनीं संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ कां राखिले हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पदें उलटसुलट गुंफून म्हटलीं म्हणजे एक पद जरी निसटलें तरी तें तत्काळ लक्षांत येतें. लेखकहि पोथीच्या शेवटीं बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ग्रंथसंख्या नोंदवीत. ती मोजली कीं गळती कळे. संगणकांत हेंच काम पडताळा-अंक करतो. एस-एच-ए २५६ ही रीति कोणत्याहि फाइलीवरून ६४ अक्षरांची एक खूण काढते. फाइलींतील एक बिंदु बदलला तरी खूण सर्वस्वीं पालटते. ती काढणारी 'सर्टयुटिल' नांवाची आज्ञा विंडोजमध्यें अंगभूत आहे. ज्या साधनांत प्रत घेतल्यावर ती पुन्हां वाचून ताडण्याची सोय नाहीं तें घेऊं नये, व असल्यास ती बंद ठेवूं नये. वेळ दुप्पट लागला तरी चालेल. मात्र पडताळा इतकेंच सांगतो कीं नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळ छायाचित्र पुसट असेल तर नक्कलहि पुसटच निघेल. जसें पाहिलें तसें उतरलें, मला दोष देऊं नका, असें जुने लेखक पोथीच्या अखेरीस लिहीत; संगणकाचेंहि म्हणणें तेंच आहे.

तिसरी परीक्षा लिपीची, म्हणजे प्रत कोणत्या बंधांत ठेविली जाते याची. प्रत्येक कंपनी आपल्या प्रतिमेस आपला खासगी बंध देते. तो उघडावयास तिचेंच सॉफ्टवेअर लागतें. नॉर्टन घोस्ट हें एके काळीं घरोघर माहीत असलेलें साधन २०१३ सालीं बंद झालें. मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ति पुष्कळांच्या विश्वासाची होती. तिचा आधार २०२४ च्या आरंभीं संपला. विंडोजमधील जुनी प्रतिमा घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेंच २०१७ सालीं कालबाह्य ठरविली. कंपनी वाईट असते म्हणून हें होतें असें नाहीं. व्यापार आहे, तो बदलतो. आपण आपली प्रत सकळ लिपींत अडकवूं नये, आणि अडकविणें भाग असल्यास किल्ली, म्हणजे तें सॉफ्टवेअर व त्याचा पेन ड्राइव्ह, प्रतिमेजवळच ठेवावी.

चौथी परीक्षा अंशतः प्राप्तीची. सबंध प्रतिमेंतून एकच फोल्डर बाहेर काढतां आला पाहिजे. एका पानासाठीं सारी डिस्क उतरवावी लागणें हें एका श्लोकासाठीं सारें बाड उसवण्यासारखें आहे.

पांचवी परीक्षा कुलुपाची. कांहीं साधनें प्रत संकेतशब्दानें बंद करतात. विंडोजहि बिटलॉकरनें सबंध डिस्क कुलूपबंद करतें, आणि नव्या संगणकांवर तें पुष्कळदां धन्याच्या नकळतच चालू झालेलें असतें. संकेतशब्द व बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर शाईनें लिहून दप्तरांत ठेवावी. ती केवळ संगणकांतच ठेवणें म्हणजे पेटीची किल्ली पेटींत ठेवून पेटी लावणें होय.

५. उपलब्ध साधनें

या कसोट्या लावून पाहतां सध्यांच्या साधनांविषयीं पुढीलप्रमाणें म्हणतां येतें. क्लोनझिला हें तैवानमध्यें सिद्ध झालेलें, विनामूल्य व ज्याची रचना कोणासहि वाचतां येते असें साधन आहे. तें पेन ड्राइव्हवरून चालतें, वापरलेला भागच उचलतें, प्रतिमा घेतल्यावर ती परत करतां येईल कीं नाहीं हें तपासतें, आणि मोठ्या प्रतिमेचे तुकडे पाडतें. उणिवा अशा कीं त्याचे पडदे अक्षरांचेच असून नवख्यास भय घालतात, पुरवणी-प्रतिमा त्यांत नाहींत, एकेक फाइल त्यांतून सहज काढतां येत नाहीं, आणि मुळापेक्षां लहान डिस्कवर प्रतिमा सामान्यतः उतरत नाहीं. शिवाय उगम व गंतव्य यांची अदलाबदल झाली तर चांगली डिस्क पुसली जाते. म्हणून पहिल्या खेपेस जाणत्यास शेजारीं बसवावें. रेस्क्यूझिला हें त्याचेंच सौम्य रूप म्हणावें. पडदे चित्रमय आहेत आणि क्लोनझिलाची प्रतिमा त्यास वाचतां येते. एकाची प्रत दुसऱ्यास वाचतां येते हा गुण तिसऱ्या परीक्षेच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे.

वीम या कंपनीच्या विंडोजसाठींच्या साधनाची विनामूल्य आवृत्तिहि चांगली. ती ठरल्या वेळीं आपोआप चालते, पुरवण्या जोडते, एकेक फाइल काढूं देते व संकटकाळचा पेन ड्राइव्ह बनविते. बंध मात्र तिचा खासगी आहे. मॅक्रियम आतां मोल देऊनच मिळतें. मॅक संगणकावर २००७ पासून टाइम मशीन अंगभूत असून फाइलींच्या जुन्या आवृत्त्या तें उत्तम राखतें. फाइलींच्या साध्या प्रतीसाठीं विंडोजमधील फाइल हिस्ट्री, लिनक्सवरील आरसिंक किंवा फ्रीफाइलसिंक यांतील कोणतेंहि चालेल. त्यांची प्रत साध्या फोल्डरांतच राहते व कोणत्याहि संगणकावर उघडते. फक्त, एकीकडे पुसलें तें दुसरीकडे पुसणारी योजना निवडूं नये.

डिस्क कुरकुर करूं लागली असेल तर मात्र यांतील कांहींच चालवूं नये. तिला वारंवार वाचावयास लावणें म्हणजे ठिसूळ पान पुन्हां पुन्हां उलटणें. अशा डिस्कसाठीं ग्नू डीडीरेस्क्यू निराळें आहे. तें आधीं धड भाग उचलून घेतें, व बिघडलेल्या जागीं मागाहून परत येतें. तेंहि जाणत्याकडूनच करवावें.

६. प्रती ठेवण्याचीं स्थळें

साधन कितीहि चांगलें असलें तरी प्रतींचें स्थळ चुकल्यास तें निरुपयोगी आहे. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानें रूढ केलेला नियम असा : मूळ धरून तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, पैकीं एक दुसऱ्या स्थळीं. दुसरें स्थळ म्हणजे शेजारची खोली नव्हे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत नदीकांठच्या पेठांत पाणी शिरलें, तेव्हां एका घरांतील दोन कपाटांत पाण्यानें भेद केला नाहीं. धामणगांवच्या संग्राहकाची तिसरी प्रत अमरावतीस, नागपुरास किंवा पुण्यांतील मुलाकडे असावी.

बाहेरची डिस्क काम झालें कीं संगणकापासून सोडवून ठेवावी. मे २०१७ मध्यें वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवानें दीडशेंच्या आसपास देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असले उपद्रव जोडलेल्या डिस्कवरहि हात टाकतात. शिवाय वऱ्हाडांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो आणि ज्येष्ठांत विजा पडतात. चालू डिस्क पत्र्याखालच्या खोलींत सतत जोडून ठेवणें यांतच तिचा नाश आहे. चिपेच्या नव्या डिस्का जलद खऱ्या, परंतु वर्षानुवर्षें विजेशिवाय ठेविल्यास त्यांतील भार झिरपतो; कपाटांत दीर्घकाळ ठेवावयाची प्रत जुन्या फिरत्या डिस्कवर असलेली बरी.

खर्चाचें भय बाळगूं नये. तीनशें पानांच्या पोथीचीं दोन्ही बाजूंनीं सहाशें छायाचित्रें होतात. प्रत्येकीं सहा मेगाबाइट धरले तर सबंध पोथी सुमारें ३.६ गिगाबाइटांत बसते. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा अडीचशेंहून अधिक पोथ्या मावतात.

७. उपसंहार

सांप्रत माझा क्रम असा आहे. नवीं छायाचित्रें घेतलीं त्याच रात्रीं त्यांची साधी प्रत बाहेरच्या डिस्कवर होते व पडताळा-अंकांची यादी त्याच फोल्डरांत पडते. महिन्यानें दुसरी डिस्क अमरावतीस जाते व तेथली परत येते. संगणकाची पूर्ण प्रतिमा तीन महिन्यांनीं घेतों. आणि पाडव्यास व दसऱ्यास, असें वर्षांतून दोनदां, एका रिकाम्या डिस्कवर ती प्रतिमा उतरवून संगणक सुरू करून पाहतों. सरस्वतीपूजनास मांडलेल्या पोथ्या दसऱ्यास उघडावयाच्याच असतात. त्याच दिवशीं ही पोथीहि उघडते कीं नाहीं हें पाहाणें मला योग्य वाटलें. पहिल्या दसऱ्यासच पेन ड्राइव्ह जुना झाल्यामुळें प्रतिमा उघडली नाहीं. मूळ डिस्क धड होती म्हणून नवा पेन ड्राइव्ह करून भागलें.

ज्यांची पोथी गेली त्या गृहस्थांस मीं ती ३८ पानें छापून, बांधून दिलीं. त्यांनीं तीं देव्हाऱ्यांत ठेविलीं आहेत. उरलेल्या पानांत काय होतें हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं; दुसरी प्रत असल्याचें माझ्या पाहाण्यांत नाहीं. ज्या वाचकांनीं परक्या घरच्या पोथ्यांचीं छायाचित्रें आपल्या संगणकांत ठेविलीं आहेत, त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपल्या बॅकअपमधून एक फोल्डर परत काढून पाहावा, व प्रस्तुत लेखांत कांहीं न्यून असल्यास तें कळवावें, अशी विनंति आहे.